अर्ध्या शब्दावर थांबलेलं पत्र

सन्माननीय अध्यक्ष, अर्थात आपले संचालकसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या, लेकीच्या वयाच्या आपल्या सर्व्हरबाई, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकलेल्या मित्रांनो,

मी या कार्यालयाचा निवृत्त मुद्रितशोधक. शाळेतल्या कवितांवर जगणारा माणूस. मला यंत्रातलं काय कळणार? बाईंनी मोठे संगणक काढून टेबलांवर थिन क्लायंट नावाच्या चिमुकल्या डब्या ठेवल्या, तेव्हा पहिला कुरकुरलो तो मीच. बाई म्हणाल्या, "काका, पुस्तक मिटलं की कविता पुसली जायची का? ही डबी म्हणजे नुसतं पुस्तक. तुमचं काम चालतं आणि साठतं तळघरातल्या मोठ्या यंत्रावर, लिनक्स सर्व्हरवर. ही बंद पडली तर दुसरीवर नाव टाका, राहिलं होतं तिथून पुढे."

मला एका वाक्यात उमगलं. वरच्या मजल्यावर ते दोन वर्षांत पोचलं नाही. जिना फार उंच असावा.

गेल्या महिन्यात मी जुनी मुद्रितं परत करायला आलो होतो. साहेब तल्लीन होऊन काही टाइप करत होते. त्यांचाच पाय अडकला, डबीची वायर निघाली, स्क्रीन काळी.

"गेलं सगळं," साहेब ओरडले. "मी सांगतच होतो, या डबड्यांत काही टिकत नाही."

सगळे गोळा झाले. बाईंनी त्यांना शेजारच्या टेबलावर बसवलं. "नाव आणि पासवर्ड टाका, साहेब." टाकला. पत्र जसंच्या तसं समोर, अर्ध्या शब्दावर कर्सर लुकलुकतोय. आम्ही सर्वांनी ते वाचलं. बाईंना कामावरून काढण्याचं पत्र होतं. कारण: यांच्या यंत्रणेत कर्मचाऱ्यांचे काम सुरक्षित राहत नाही.

बाईंनीच विचारलं, "जतन करू ना, साहेब?"

"करा," साहेब म्हणाले.

काय सुरेख शब्द आहे, जतन. साहेबांनी मग तो अर्धा शब्द पूर्ण केला, खाली सही ठोकली, आणि आज पुष्पगुच्छही तेच देणार आहेत. एवढी कल्पनाशक्ती आमच्या कवींनाही नव्हती.

अध्यक्षमहोदय, बाई नव्या नोकरीसाठी जिथे जातील तिथे ते पत्र आधी पोचेल. म्हणून पुष्पगुच्छ देताना एवढंच म्हणा, की ते कारण खोटं होतं. माईक चालू आहे. मी तो आपल्याकडेच देतो आहे.

आपण शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. उच्चारात काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या. मजकूर मी दोनदा तपासला आहे.