रंगवलेल्या नक्षीचं मँडोलिन

परदेशात, सेरंगूनच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात निहारिका आपल्या व्हायोलिनसाठी थांबली होती. शेजारच्या बाकावर एक वयस्क जोडपं बसलं होतं. आपलं मराठी इथे कुणाला कळणार, अशा समजुतीने बाईंनी तोंड उघडलं.

"अहो, बोटीवरून रिटायर झालात, पण भंगार गोळा करणं काही सुटत नाही."

"भंगार नाही, प्रेमा. नव्वद वर्षांपूर्वीचं अमेरिकन मँडोलिन आहे."

"पाठ फुगलीय, मान वाकलीय. कडेची नक्षीसुद्धा नुसती रंगवलेली."

"मंदीचे दिवस होते. लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. कारखान्याने नक्षीसाठी महागड्या शिंपल्याऐवजी रंग वापरला, म्हणून साध्या माणसाच्या घरी वाद्य आलं."

"त्यांचं भलं झालं. आपल्याकडे वाजवणार कोण?"

"तू."

"कॉलेजनंतर हात लावलेला नाही मी. आणि आता बोटं वळत नाहीत, हे डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं ना?"

"बोटं हलती ठेवा, असंही सांगितलं. त्यांनी दिलेला रबरी चेंडू तू कपाटात टाकलास."

"दिवसभर चेंडू दाबत बसायचा वैताग येतो मला."

"म्हणून तर हे आणलं."

निहारिका उगाच फोनकडे बघत राहिली.

तेवढ्यात कारागीर बाहेर आला आणि इंग्रजीत म्हणाला, "अंकल, दुरुस्त होईल, पण आवाज फार गोड येणार नाही."

"आता माझ्याकडे काय बघताय?" बाई नवऱ्यावर खेकसल्या. "त्याला सांगा, तारा पातळ लाव म्हणावं. जाड तारा मला दाबवणार नाहीत."