कलमाच्या चाकूला टोक नसतं

न्हाई न्हाई म्याडम, 'हत्यार' लिवू नका — चाकू लिवा, नुस्ता चाकू, घडीचा. हत्यार म्हणलं की ऐकणाऱ्याला वाटंल ही बाई कुणाला माराय निघाली व्हती. नाव व्हय? साळुबाई. साळुबाई सावळाराम, राहणार डिंगोरे — आडनाव सांगते, आदी ते 'हत्यार' खोडा. हितं कशाला आले म्हंजी — दवाखान्यात आले की! लेक बाळंत झालीय माझी, स्नेहल, परवा पहाटं. मुलगी झाली. यष्टीतून उतरले तर स्टँडवर तुमची पोलिसांची झडती चाललेली. मी म्हणलं बघा, बघा की — पिशवीत काय, डिंकाचं लाडू, दोन दुपटी, शेपूची जुडी. तर त्या तुमच्या दुसऱ्या बाईनं माझी कंबर चाचपली आन् हे घावलं. मंग मला हितं चौकीत आणून बशीवलं. बशीवलं ते बशीवलं, माझं काय न्हाई, पण चार वाजता दवाखान्यात भेटाय सोडत्यात आन् त्याच्या आत मला लेकीजवळ जायाचंय. तेवढा चाकू द्या, मी जाते.

हुकूम हाय, ते समजलं मला. गणपतीत कुठं पोरांनी कोयते काढले म्हणून बंदी — कोयते काढायचे मिशा न फुटलेल्या पोरांनी आन् झडती द्यायची म्हातारीनं, चोर सोडून संन्याशाला फाशी. न्हाई, तुमाला न्हाई म्हणत, तुमी तुमची नोकरी करताय. तुमी मघाशी काय म्हणला — शेतीच्या, घरकामाच्या वस्तूला आमची ना न्हाई, पण कुणाच्या भ्यानं, कुणासाठी म्हणून बाळगला तर ते हत्यार. बरोबर ना? मंग झालं की. शेतीचाच हाय हा. आमच्या मालकाचा. आमचे मालक द्राक्षाची कलमं करायचे — नारायणगावापासून तिकडं पार सगळ्या बागा ह्यांच्या हाताखालनं गेल्या. ह्याच दिवसात, गणपतीच्या पुढंमागं. खुंट चिरायचा, काडीची पाचर करायची, खुंटात बशीवली की वर पट्टी. माणूस गेला तेला आता दुसरं वरीस लागलं, पण चाकू बघा, मूठ कशी गुळगुळीत झालीय. खिशात रुमाल नसंल एखाद्या दिवशी, पण हा असायचाच. लग्नाला गेले तरी खिशात. कुणी कधी हत्यार म्हणलं न्हाई तेला.

मी? न्हाई, मला न्हाई येत कलम करता. मी कांदा कापाय आणलाय. लेकीला सफरचंद चिरून द्याय. दवाखान्यात कुठं इळी आसती का?

पिशवीत का न्हाई ठिवला — आता पिशवी काय, गर्दीत कुणी पळवली मंजी? कमरेला बरा. आमच्याकडं समद्या बायका कमरेलाच बांधत्यात हल्ली. बिबट्या वो. तुमी कुठल्या? पुण्याच्या? मंग तुमाला काय सांगावं. आमच्याकडं ऊस लागला डोक्याच्या वर की बाई येकटी परसाकडं जात न्हाई. गळ्यात खिळ्याचे पट्टे घालून खुरपाय बसत्यात बाया — बघितलं असंल तुमी मोबाईलवर, हसले असाल — कुत्र्याला घालत्यात तसा पट्टा आन् बाहेरून खिळे, वाघरू मानंला धरतं म्हणून. तर पट्टा घालायचा आन् कमरेला काय तरी धारंचं ठेवायचं, येवढंच. मंजी बिबट्याचं भ्या तुमच्या हुकमात चालतं का न्हाई? ते विचारून घ्या सायबांना. जनावराच्या भ्यानं चाकू ठेवला तर ते शेतीत धरायचं का हत्यारात?

आन् दुसरं — हसू नका — बाळंतिणीच्या उशाला लोखंड लागतं. विळा म्हणा, चाकू म्हणा. बाराव्या दिवसापस्तोर. माझ्या आईनं माझ्या उशाला ठिवला, मी स्नेहलच्या उशाला ठेवणार. ह्यात तर काय वाईट न्हाई ना? तुमच्या आईनं पण ठिवला असंल बघा, तुमच्या येळंला. विचारा घरी गेल्यावर.

कुठलं तरी येक सांगू? येकच कसं सांगू म्याडम, समदंच खरं हाय. कांद्याला हाय, सफरचंदाला हाय, बिबट्याला हाय, उशाला हाय. गरिबाच्या घरात येका वस्तूला चार कामं असत्यात.

थांबा, फोन वाजतोय. — न्हाई, वाजू द्या. माझाच हाय. न्हाई उचलायचा मला. जावयाचा हाय. उचलंन की मंग. तुमी लिवा. काय लिवताय? धार? धार हाय की, चाकूला धार नसती का? नवी दिसती म्हंजी — काल सांजच्याला मी जुन्नरला बाजारात गेले, तितं इस्माईलभाई धार लावतो चाकावर, ह्यांचा दोस्त व्हता, हा चाकू लांबून वळखतो तो. म्हणला, मावशी, कलमं सुरू झाली का? मी म्हणलं, व्हय. म्हणलं, नुस्ती धार नको, पुढं टोक पण काढून दे. त्यानं चाक थांबवलं. म्हणला, कलमाच्या चाकूला टोक नसतं मावशी, टोक असलं तर खुंट फाटतो. मी पैसं म्होरं केलं. त्यानं मंग खाली मान घातली, टोक काढलं, कागदात गुंडाळून दिला आन् म्हणला, संभाळून ऱ्हावा —

ते कुठं लिवताय? ते नका लिवू. टोकाचं नका लिवू, ते मी आपलं असंच सांगितलं. कांद्याला लागतं टोक. कांद्याचं बूड काढाय लागतं की. लिवा, कांद्याचं बूड.

परत वाजतोय. ह्या फोनला काय झालंय. — उचलते, न्हाई तर तो… हां, ऋतिकराव. हां. न्हाई, पोचले मी, पोचले — स्टँडवर हाय. चौकीत. न्हाई न्हाई, काय झालं न्हाई, असंच, झडती व्हती. चाकू घावला माझ्याकडं. ह्यांचा. बरं. बरं. थांबते. न्हाई जात कुठं, थांबते.

का सांगितलं मी तेला? तुमी ऐकलं ना, मी सांगून टाकलं — चौकीत हाय, चाकू घावला, समदं पोपटावाणी सांगून टाकलं. तेचा आवाज आला की माझं असं व्हतं. लई गोड बोलतो वो. शिवी न्हाई, वर आवाज न्हाई. मामी, तब्येत जपा. मामी, पाणी प्या. सोयरीक बघाय आला तवा आमचे मालक म्हणले व्हते, पोरगा दुधात साखर घातल्यावाणी बोलतो. निरगुडसरला दिली लेक. बागायत हाय, वस्ती हाय उसात, शेजार लांब. तवा शेजार लांब हाय ह्याचं बरंच वाटलं व्हतं, भांडणतंटा नको म्हणून.

गोठ्यावाटे बिबट्या गेला म्हणून त्यानं स्नेहलला पट्टा आणला. सातवा चालू व्हता तिला. आमी म्हणलं, बघा किती काळजी करतो. समद्या बाया शेतात घालत्यात, ही घरात पण घालायची. स्वयंपाक करताना. जेवताना. मी गेले तवा म्हणलं काढ की गं, किती गरमाय — तर दाराकडं बघितलं तिनं. मी बळंच काढला. मानंवर वळ. म्हणली, पट्ट्याचे हायत. दवाखान्यात पण तिनं तेच सांगितलं, नर्सबाईनी विचारलं तर, पट्ट्याचे हायत. आता तुमी सांगा म्याडम, पट्ट्याचे खिळे असत्यात बाहेरच्या अंगाला. आतून चामडं. चामड्याचा वळ गोल पडंल ना? हे असे — असे — हिकडं चार आन् हिकडं येक अंगठा, असा कुठल्या पट्ट्याचा वळ असतो?

मी असं करून दाखवलं ते कुणाला सांगू नका.

काल तो दवाखान्यात आला. बाळाला घेतलं, चांगलं घेतलं. मुलगी झाली म्हणून तोंड बी वाकडं केलं न्हाई, त्याचं तसलं काय न्हाई. मंग मला बाहेर वऱ्हांड्यात म्हणला, मामी, उद्या नेतो दोघींना घरी. मी म्हणलं, बाळंतपण माहेरात करायचं असतं, डिंगोऱ्याला नेते मी, सव्वा महिना झाला की घिऊन जावा. तर हसला. म्हणला, मामी, बिबटे लई झालेत. आमच्या वस्तीमागं मादी व्याली हाय. परवा शेजारच्या गावात बाई ओढून नेली उसात, तुमी ऐकलं असंल. हाडं घावली. वनखात्यानं पंचनामा केला, पिंजरा लावला, झालं — कुणी काय विचारतंय का? बिबट्यानं नेलं म्हणलं की विषय संपला. मंग माझ्या खांद्यावर हात ठिवला आन् म्हणला, म्हणून म्हणतो, स्नेहलला जरा समजावून सांगा, माझं ऐकत जा म्हणावं.

धमकी हाय का ही? तुमीच सांगा, ह्यात मी काय लिवून देणार? जावई म्हणला बिबट्यापास्नं जपा. गावात कुणाला सांगितलं तर म्हणतील, म्हातारे, जावई काळजीनं बोलला. मी आत गेले तर स्नेहलनं माझं मनगाट धरलं, बाळंतिणीच्या हातात कुठलं येवढं बळ येतं काय ठावं. म्हणली, आई, त्याच्या संगं मला पाठवू नको. बास. मी घरी गेले, ह्यांच्या कोटाच्या खिशातनं चाकू काढला आन् इस्माईलभाईकडं गेले. भ्या वाटतं म्हणून, पोरी. माझ्या पायात बळ न्हाई, माझ्या तोंडाला तो पुरून उरतो, घरात बापय न्हाई कुणी. म्हणलं चार वाजता तो येईल, मी दारात बशीन. मारायचं न्हाई, देवाशपथ न्हाई, नुस्तं कमरेला आसंल तर मी म्हणू शकंन — न्हाई पाठवत. तेवढं दोन शब्द. ते दोन शब्द माझ्या तोंडातनं असं मोकळ्या हातानं न्हाई निघत.

आता पेन का थांबला? — हां. कळलं. कांद्याला हाय म्हणलं असतं तर तुमी सोडलं असतं, आन् आता मी भ्यानं ठिवला म्हणलं, मंजी हत्यार झालं. मंजी कांद्यासाठी चालतो आन् जिवासाठी न्हाई चालत. बरं हाय. कायदा हाय, तुमी तरी काय करणार. ठेवा ड्रॉवरमधी, ठेवा. पण येक करा, माझ्याबरोबर दवाखान्यात चला. सायेब आल्याबिगर चौकी न्हाई सोडता येत? सायेब कधी येणार? तवर मंग… तकरार लेकीनं द्याय पायजे? ती न्हाई देणार म्याडम, ती पट्ट्याचे वळ सांगती, सांगितलं ना तुमाला. तिनं तोंडानं म्हणलं पायजे आन् ती म्हणणार न्हाई, आन् मी म्हणते तर माझं —

ती पांढरी गाडी.

ती न्हाई, तिच्या मागची, रसवंतीपाशी थांबली ती. तेचीच हाय. तो दवाखान्यात जायाचा सोडून हिकडं… दवाखान्यातनं सोडवून घेतली वाटतं. मागं बघा. मागं स्नेहल हाय. मांडीवर दुपटं दिसतंय ना? परवाची बाळंतीण वो, अजून टाके ओले हायत, कसं सोडलं त्यांनी, सही करून आणली असंल ह्यानं, गोड बोलून. वर का बघत न्हाई ती? स्नेहल — काच बंद हाय. म्याडम, तिच्या गळ्यात बघा. तुमची नजर तरणी हाय, नीट बघा. पट्टा घातलाय तिला. गाडीत कुठला आलाय बिबट्या? तुमी सांगा मला, भर दिसा, बंद गाडीत —

उतरला. येतोय. तुमी काय बोलू नका. माझं डोळं पुसलं का नीट? ते कागद उलटं करा, पालथं घाला. पोरी, मी काय सांगितलं ते समदं —

या, या ऋतिकराव. बसा की. न्हाई, काय न्हाई वो, चाकू व्हता मामांचा, कांदा कापाय आणला व्हता, तर म्याडम म्हणल्या सध्या बंदी हाय, ठेवून जावा. ठिवला. माझीच चूक. लई चांगल्या हायत म्याडम, चहा पाजला मला. सोडलं का दवाखान्यातनं? बरं झालं. घरची हवा बरी. मी बी येते संगं, व्हय, चला.

चला — येकच मिन्ट हां ऋतिकराव. म्याडमना मी शब्द दिलाय, बाळ दाखवते म्हणून. मघापास्नं विचारत्यात, कुणावर गेलंय, नाक कसं हाय. व्हय ना म्याडम? तुमी म्हणला ना? गाडी लांब न्हाई, ही काय समोर, रस्ता वलांडला की झालं. न्हाई ऋतिकराव, तुमी कशाला तिला खाली उतरवताय, वली बाळंतीण, त्याच येतील, दार उघडून बघतील. चला म्याडम. टोपी घाला आन् हाय त्या डिरेसवर चला. पोरीची जात हाय, जल्मल्या जल्मल्या वर्दीतली बाई बघू द्या तिला, चांगलं असतं. उठा.

उठा की.

न्हाई ऋतिकराव, तुमी व्हा म्होरं. म्याडम उठंस्तोवर मी हितंच उभी हाय.