छपराच्या खर्चातले चार सेकंद

सन्माननीय अध्यक्षा श्रीमती व्हिटलॉक, आज निवृत्त होणारे आपले कोच वेंडेल ब्रॉडर, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, आणि मागच्या बाकांवर कॉफीचे पेले सांभाळत बसलेल्या पालकहो,

जरा वर बघा. आपल्या रोइंग क्लबच्या या बोटघराचं छप्पर मी घातलं. दाराशी पाटी आहे, ‘लेन पाचेक यांची सप्रेम भेट’. लाकूड, डांबर, सहा माणसांची अकरा दिवसांची मजुरी. लोकांना वाटतं, एवढाच खर्च. त्यात चार सेकंद धरायचे राहिलेत.

पण आधी उत्सवमूर्ती. एकवीस वर्षं हा माणूस पहाटे नदीवर उभा. यांच्या कर्ण्यावरचं ओरडणं ऐकून पलीकडच्या तीरावरची कुत्रीसुद्धा शिस्तीत धावायला लागली!

मघाशी अध्यक्षबाई अभिमानानं म्हणाल्या, पाचेकांची मॅरियन वल्ह्याच्या जोरावर बड्या विद्यापीठात गेली. टाळ्याही पडल्या. तिथे शंभर अर्जांतले चार घेतात. पण त्यांच्या रोइंग कोचची एक छोटी यादी असते. तीत नाव लागलं की दार सताड उघडतं. मॅरियनला खरं म्हणजे धावायला आवडायचं. मीच म्हटलं, “पोरी, धावणारे गल्लोगल्ली पडलेत. वल्हं धर.” मोठी चलाखी केली असं वाटलं. आमच्या रस्त्यावरच्या आणखी तीन बापांना ती सुचलेली होती.

छपराच्या फळ्यांची शेवटची ओळ ठोकत होतो, त्या जुलैत विद्यापीठाच्या कोचचा आपल्या या कोचना फोन आला. जागा एकच उरलीय, तुम्ही सांगाल ती मुलगी. आपल्याकडे दोघी होत्या, मॅरियन आणि ट्रूडी हॅलोरन. मार्क सारखेच. दोन हजार मीटरला ट्रूडी चार सेकंदांनी पुढे.

कोच शिडीखाली आले. “लेन, मॅरियनचं नाव दिलं.”

“आणि ट्रूडी?”

“छप्पर झकास झालंय रे,” म्हणाले, आणि गेले.

मी काही मागितलं नव्हतं. त्यांनीही नाही. आपल्या गावात कोणी कधी मागतं का? मी पुढचा खिळा ठोकला.

ट्रूडी सरकारी कॉलेजात गेली. तिथे चारही वर्षं वल्हवत राहिली. सोमवारपासून या क्लबची कोच तीच. आज दारातच तिनं मला गाठलं. “मिस्टर पाचेक, उत्तरेच्या कोपऱ्यात गळतंय हं तुमचं छप्पर.”

“येतो गं,” म्हटलं. आणखी काय म्हणणार? नऊ वर्षं झाली, शब्द शोधूनही माणूस दमतो.

कोच, आता उन्हं वर येईपर्यंत झोपा. तुमचे आणि सभेचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मंडळींनी पोटात घालावं. करण्यात जे झालं त्याबद्दल ट्रूडीची माफी मागायचं तोंड मला नाही.

आणि अध्यक्षबाई, एवढी दुरुस्ती टिपून घ्या. मॅरियननं पहिल्याच वर्षी नोव्हेंबरात वल्हं परत केलं. आता ती धावते.