ब्लाउज तयार आहे

कांताबाई : बसायला नको. ब्लाउज द्या, मी निघते.

अपेक्षा : दोन मिनिटं टेका तरी, मावशी. जिना चढून आलात. कुणाचं ब्लाउज म्हणालात?

कांताबाई : दीक्षाचं. माझी सून. शुक्रवारी तुमच्याकडनं फोन आला न्हाई का, ब्लाउज तयार हाय, मंगळवारी घेऊन जा म्हणून. आज मंगळवार.

अपेक्षा : फोन कुणी उचलला होता?

कांताबाई : मी. तिचा फोन माझ्याजवळ असतो आता.

अपेक्षा : आता म्हणजे कधीपासून?

कांताबाई : पंधरा दीस झाले. समाधाननं तिच्याकडनं काढून घेतला आन् माझ्या हातात दिला. माझा मुलगा. म्हणला, आई, कुणाचा फोन येतो त्यावर ध्यान ठेव, आन् आला की स्पीकरवर टाक. तुमचा आला तेव्हा तो शेजारीच जेवत होता. त्यानं बी ऐकलं.

अपेक्षा : असं होय. त्याचं काय आहे, टेलरबाई आज आलेल्या नाहीत. मी त्यांना विचारते आणि…

कांताबाई : मशीन बी सोबत घेऊन गेल्या का?

अपेक्षा : म्हणजे?

कांताबाई : खाली पाटी हाय, आनंदी लेडीज टेलर्स. वर येऊन बघते तर दोन खुर्च्या, एक पंखा आन् टेबलावर डोळे पुसायच्या कागदांचा खोका. मशीन न्हाई, कात्री न्हाई, फरशीवर एक चिंधी न्हाई. शिवणाऱ्याच्या घरात पायाला टाचणी तरी टोचते, ताई.

अपेक्षा : आधी इथं टेलर होते. ते गेले, पाटी आम्ही काढली नाही.

कांताबाई : मग तुम्ही काय करता?

अपेक्षा : बायका येतात, बोलतात. मी ऐकते.

कांताबाई : त्याचे किती घेता?

अपेक्षा : काही नाही. मोफत आहे.

कांताबाई : पुण्यात फुकट कोण कुणाचं ऐकतंय? पत्ता विचारला तर 'पाटी वाचा' म्हणतात.

अपेक्षा : म्हणून तर आम्ही स्वतःची पाटीच लावली नाही. बसा ना, मावशी. पाणी देते.

कांताबाई : पाणी नको, तो खाली हाय.

अपेक्षा : कोण?

कांताबाई : समाधान. आज रजा टाकलीय त्यानं, झेरॉक्सच्या दुकानापाशी गाडी लावून उभाय. येरवड्यातले टेलर मेले का, सून बिबवेवाडीला ब्लाउज टाकायला का जाते, हे त्याला बघायचंय. पाटी दिसली तसा जरा गप झाला. मीच म्हणलं, बायकांचं दुकान हाय, तू वर येऊ नको. दहा मिनिटांच्या बोलीवर आलेय. त्यातली चार तुम्ही पाणी देण्यात घालवली.

अपेक्षा : दाराला कडी लावू का?

कांताबाई : लावू नका. कडी वाजली की तो लगेच वर येईल. एक सांगा, दीक्षा इथंच येते ना? काय सांगते? आमची नावं घेते?

अपेक्षा : इथं कोण येतं आणि कोण नाही, हे मी सांगत नाही.

कांताबाई : मी सासू हाय तिची.

अपेक्षा : तुम्ही तिची आई असतात तरी सांगितलं नसतं.

कांताबाई : आन् तो वर येऊन उभा राहिला तर? त्याची विचारायची तऱ्हा वेगळी हाय.

अपेक्षा : त्यालाही नाही सांगणार. पोलिसांना बोलवेन, पण सांगणार नाही.

कांताबाई : मी पाया पडले तर?

अपेक्षा : मावशी, मला संकोचात टाकू नका. उत्तर तेच राहील.

कांताबाई : बरं झालं. तुम्ही पटकन सांगून टाकलं असतं, तर मी तशीच उतरले असते आन् त्या पोरीला परत इथं पाऊल टाकू दिलं नसतं. हे धरा.

अपेक्षा : हे काय?

कांताबाई : ब्लाउज. दीक्षाचं. मी शिवलंय.

अपेक्षा : तुम्ही शिवता?

कांताबाई : चाळीस वर्षं. सहा वर्षं झाली तिच्या लग्नाला, तिचं एकेक ब्लाउज माझ्या हातचं हाय. त्यामुळं फोनवर ब्लाउज म्हणलेलं ऐकलं तेव्हाच कळलं की हे काही ब्लाउज न्हाई. समाधाननं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, माझ्या डोळ्यात मोतीबिंदू, दोरा ओवता येईना, म्हणून मीच बाहेर टाकायला सांगितलं. तिची मावशी राहते ना बिबवेवाडीला, तिनं दुकान दाखवलं. एवढं सगळं एका घासात रचलं. मग दोन दीस तो कामावर गेला की हे शिवत बसले. दोरा चांगला ओवता येतो मला.

अपेक्षा : खाली टेलरची पाटी आहे म्हणून आम्ही हाच निरोप ठरवला होता. घरातच कुणी शिवणारं असेल, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. आमचीच चूक आहे.

कांताबाई : म्हणजे येते ती.

अपेक्षा : मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही.

कांताबाई : न्हाई घेतलं. पक्क्या आहात. पण शिवणाऱ्याच्या घरी दुसरं काही सांगत जा. मिक्सर दुरुस्त झाला म्हणा.

अपेक्षा : म्हणू. मावशी, या बाह्या केवढ्या लांब आहेत.

कांताबाई : आली का ध्यानात? लग्न झालं तेव्हा दंडावर चार बोटं बाही होती तिची. मग म्हणाली, आई, जरा खाली घ्या. दुसऱ्या वर्षी कोपरापर्यंत आली. आता मनगटापर्यंत, ते बी ऐन मे महिन्यात. मी टेप लावते, चुकून हात लागला की ती श्वास धरते. मी एकदाबी विचारलं न्हाई. ती म्हणाली तेवढं खाली घेत गेले.

अपेक्षा : तुम्हाला माहीत होतं.

कांताबाई : एकच खोली हाय आमची, मधे पत्रा ठोकलाय. पलीकडं सुरू झालं की मी टीव्हीचा आवाज मोठा करते. शेजारी ऐकतील म्हणून, असं मनाला सांगते. खरं तर मलाच ऐकायचं नसतं. लाज वाटते, ताई. माझं पोर हाय ते. बापाचं बघत वाढलं.

अपेक्षा : तुमच्याही बाह्या…

कांताबाई : एकवीस वर्षं मनगटापर्यंत. माझे मालक, तात्याराव, गेले त्याला आठ वर्षं झाली. तरी जिन्यात चपला वाजल्या की मी अजून उठून उभी राहते. हातातलं ताट खाली ठेवून. आता बी बघा, तुम्ही तीनदा बसा म्हणालात, मला बसवत न्हाई.

(खालून हॉर्न वाजतो.)

कांताबाई : तोच. लवकर करा. एखादी पिशवी हाय का, दुकानातली वाटेल अशी? आन् पावती लागंल.

अपेक्षा : टेलरचं जुनं पावतीपुस्तक कपाटात आहे. थांबा. हं, काय लिहू?

कांताबाई : उजवी बाही आखूड झाली, दुरुस्ती.

अपेक्षा : झालीय खरंच? दाखवा. हो की, दोन बोटं कमी आहे. तुमच्या लक्षात नाही आलं?

कांताबाई : मुद्दाम केलीय. वाकडं शिवायला हात धजत न्हवता माझा, दोनदा उसवलं. घरी त्याच्यासमोर ब्लाउज उलगडीन, म्हणीन, बघ, सुनेनं कुठं टाकलं आन् काय करून ठेवलं. आता तिला अंगावर घालून माप द्यायला पाठवावंच लागंल. लिहा, पुढच्या मंगळवारी, स्वतः हजर राहणे. ते मोठ्या अक्षरात लिहा.

अपेक्षा : लिहिते. पण तिला धरून आणू नका. यायचं का नाही ते तिनं ठरवायचं.

कांताबाई : मग तिलाच विचारा. अकराला तो कंपनीत असतो. उद्या अकराला फोन करा. मी फोन तिच्या हातात देते आन् खाली नळावर जाते. काय बोललात ते तिनं मला सांगायला नको.

अपेक्षा : आणि आज संध्याकाळी काही झालं तर?

कांताबाई : तर टीव्ही बंद करीन. दार उघडं टाकीन. ऐकू दे सगळ्या वस्तीला.

अपेक्षा : पुरे नाही ते. एकशेबारावर फोन करायचा. तिचा फोन तुमच्याकडेच आहे ना? कराल?

कांताबाई : पोटच्या पोरावर पोलीस घालू म्हणता?

अपेक्षा : हो.

कांताबाई : एक, एक, दोन?

अपेक्षा : एक, एक, दोन.

कांताबाई : ध्यानात राहील. मापं ध्यानात ठेवतेच की मी. द्या ती पिशवी. आवाज येतोय का हो जिन्यात?

अपेक्षा : नाही. समोरच्या क्लासची मुलं आहेत. मावशी, एक सांगू? इथं तुमच्यासाठीसुद्धा खुर्ची आहे. दीक्षाच्या वेळेला नाही, वेगळी वेळ. तुमची तुमची.

कांताबाई : मला? साठी उलटली माझी. मारणारा गेला. आता काय बोलायचं राहिलंय?

अपेक्षा : बसवत नाही म्हणालात ना, तेवढंच बोलू आधी.

कांताबाई : नाव लिहायची वही असंल ना तुमची?

अपेक्षा : ही काय.

कांताबाई : दीक्षाचं तिला विचारून लिहा. त्याच्याखाली माझं लिहून ठेवा, कांताबाई. पेन्सिलीनं.