गाडी का थांबली

दस्तगीर : घाई करू नकोस, कृष्णात. चावी फिरव आणि गप ऐक. काय ऐकू येतंय?

कृष्णात : कायबी न्हाय, चाचा. चंदगडच्या रानात गाडी थांबली तवाबी असंच. पंपाची टकटक न्हाय, म्हंजे इंजनाला पेट्रोल न्हाय.

दस्तगीर : मग काय केलंस?

कृष्णात : तुमी शिकवलंय तसंच. बल्बची एक वायर पंपाच्या करंटला लावली, दुसरी गाडीच्या बॉडीला. बल्ब पेटला. करंट येतोय आन् पंप हलंना, म्हंजे पंप जळाला असं धरलं. बैलगाडी हुडकाय पळालो. माघारी आलो तर बनाआक्का गेलती. पोटातलं लेकरूबी. दाजी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलंते.

दस्तगीर : आता ती दुसरी वायर बॉडीवरनं काढ. पंपाच्याच अंगाला लाव.

कृष्णात : लावली. पेटंना की.

दस्तगीर : का पेटंना? तू सांग. सावकाश.

कृष्णात : करंट आत जातोय... पर त्याला माघारी जायला वाट न्हाय. अर्थिंग न्हाय.

दस्तगीर : बराबर. ही सुटी वायर घे. पंपावरनं थेट बॅटरीच्या अर्थिंगला जोड.

कृष्णात : चाचा, टकटक व्हाय लागली.

दस्तगीर : पंप चांगला हाय, बेटा. आता अर्थिंगच्या मूळ वायरचा स्क्रू सोड. खाली काय दिसतंय?

कृष्णात : रंग. नवा काळा रंग. खंडेनवमीला दाजींनी रंगवली की गाडी. स्क्रूसुदीक काढून रंगवली. म्हणालं, बनीला बाळंतपणाला ह्याच गाडीतनं न्यायची, चकाचक असू दे.

दस्तगीर : आन् रंगावरच वायर आवळली. स्क्रूच्या आट्यातनं जेमतेम करंट जात असंल. खड्ड्यात आदळून तेवढाबी सुटला.

कृष्णात : रानात हे कळलं असतं तर?

दस्तगीर : चाकूनं खरवडून भागलं असतं.

कृष्णात : दाजी भाईर बसल्यात. गाडी का थांबली ते कळल्याबिगर घास घेत न्हाईत.

दस्तगीर : ह्या गॅरेजात मी कुणाला खोटा फॉल्ट सांगितलेला न्हाय.

कृष्णात : ठाव हाय. म्हणून तर ते तुमच्याकडंच चला म्हणालं. उठलं बघा, हिकडंच येत्यात.

दस्तगीर : सुटी वायर काढ. टकटक बंद कर.

(आकाराम दारात येऊन उभा राहतो.)

आकाराम : मिस्त्री, घावलं काय? माझा जीव सारखा त्या रंगाकडं जातोय.

दस्तगीर : रंगाचा काय संबंध, पावणं? पंप जळालाय. आतनं.

आकाराम : म्हंजे रानात कुणाच्यानंच चालू झाली नसती?

दस्तगीर : माझ्यानंबी न्हाय.

आकाराम : मग तो पंप मला द्या. कळंब्याच्या तळ्यात टाकून येतो.

दस्तगीर : कृष्णात, बारका पाना दे. काढून देऊ या त्यांना.