भाऊनं मले विचारलं होतं

आमचं गाव दवनीवाडा. बाप गोंदियाच्या राईस मिलमंदी हमाल होता, माय लोकाच्या बांधीत धान रोवाले जाये, अन् आमी दोघं भाऊ, मोठा सुखदेव अन् त्याच्यापेक्षा चार वर्षांनं लहान मी, रामदास. बापाचा घरात एकच कायदा होता, मोठ्याच्या तोंडाले लागाचं नाही, मोठा चुकला तरी खाली पाहून गप्प राहाचं. मी गप्प राहाले शिकलो, बाई. त्या गप्प राहन्याचंच आज तुले सांगून राहिलो, तं तू कालेजातली पोरगी, नीट लिहून घेजो.

भाऊ हुशार. धानाच्या पोत्यावर छापलेलं इंग्रजी वाचून त्याचा अर्थ विचारे अन् मास्तराले अडवे. स्कॉलरशिपवर शिकला, वायुसेनेत गेला, तिथं सामानाची विमानं चालवली, मग प्रवाशांच्या विमानात कॅप्टन झाला. बाबासाहेबांच्या फोटोखाली मायनं त्याचा टोपीतला फोटो लावला. मी सातवीतून शाळा सोडली अन् शेतीच करत राहिलो. बांधीत उभा असलो अन् वरून विमान गेलं का मान वर, माझी बायको म्हने, वर पाहून पाहून चिखलात पडसाल, तुमचा भाऊ का वरून जिलेबी टाकून राहिला? पन तिलेही वाटे का, त्यातच असन तो.

एकदा सुट्टीत आला तवा त्यानं मले एक गोष्ट सांगितली. म्हने, रामदास, विमानात समोर दोघं बसतात, कॅप्टन अन् दुसरा लहान. कॅप्टन कितीही मोठा असो, लहान्याले दिसलं का याचं चुकून राहिलं, तं तो म्हनते, आता माझ्याकडे. एवढंच म्हनाचं. अन् कॅप्टननं दांड्यावरचा हात सोडून द्याचा, वाद नाही. मी म्हटलं, हे काय गा, हा तं मोठ्याचा अपमान झाला. भाऊ हसला, म्हने, मागं लोकं बसले राहातात ना बापा, त्यांच्यापेक्षा अपमान मोठा हाये का? मी हो म्हटलं. डोक्यात गेलं, पोटात गेलं नाही.

रिटायर झाला तवा वहिनी जाऊन दोन वर्षं झाले होते. कुडव्यात घर बांधलं. पोरगा नितीन अन् सून पुन्याले नोकरीत, त्यांची पोरगी सानू तीन वर्षांची. भाऊ त्यांना म्हने, पोरगी मले द्या. नितीन लहानाचा मोठा कवा झाला हे भाऊनं पाह्यलंच नाही, त्याचे दात कवा पडले, सायकल कवा शिकला, भाऊ वरतीच उडून राहिला होता. ते सगळं त्यानं सानूत वसूल केलं म्हन. मोबाईलवर पाहून तिची येनी घालाले शिकला. डब्यात रोज दुसरी भाजी. सकाळी शाळेले स्कूटरवर नेताना विमान उडवाच्या आधी वाचतात तशी यादी वाचाले लावे. सानू मागं बसून म्हने, हेल्मेट, हा म्हने, आहे. स्टँड, वर. ब्रेक, ठीक. मग गाडीभोवती एक चक्कर मारे, चाकाले लात मारून पाहे. समोरचा किरानावाला म्हने, कॅप्टनसाब, स्कूल तक ही जाना है ना, या दिल्ली? भाऊ म्हने, तू आपलं उधार बघ. सगळे हसत.

तो आनंद मी पाह्यला, बाई. मानूस इतका सुखात मी दुसरा पाह्यला नाही.

मग एक दिवस तांदूळ घेऊन गेलो तं भाऊ गाडीभोवती फिरून राहिला. एक चक्कर, दोन, तीन, चार. सानू गप्प बसून होती. त्यानं स्वयंपाकघरात गॅस तसाच सोडला होता, तो मी बंद केला. दुपारी सानूनं मले आंगनात नेलं, दहा वर्षांची असन तवा. म्हने, लहाने आबा, आबा रस्ता विसरते. म्हनून मी मागून सांगतो त्याले, उजवीकडे जायचं तं उजव्या खांद्यावर दोनदा टोचतो, डावीकडे तं डाव्या. पप्पाले सांगू नका, ते मले पुन्याले नेतीन, आबा एकटा राहीन.

काय सांगू तुले. मी तिले म्हटलं, नाही सांगत.

आठ दिवसांनं भाऊनं मलेच विचारलं. पायरीवर बसलो होतो. म्हने, रामदास, खरं सांग, माझं काही चुकून राहिलं का? तुले काही दिसते का? सरळ माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं. जनू मी त्याच्या बाजूले बसलेला दुसरा होतो. मले एवढंच म्हनाचं होतं, भाऊ, चाबी दे, पोरीले मी नेतो. अन् मी खाली पाह्यलं. म्हटलं, नाही गा भाऊ, तुमचं कुठं काय चुकते. कॅप्टन मानूस तुमी.

त्याले बरं वाटलं. पाठीवर थाप मारली त्यानं.

धानकापनीचे दिवस होते. मी माझ्या मोटरसायकलवर गोंदियाच्या बाजारात चाललो होतो, तं समोर भाऊची स्कूटर, मागं सानू. समोरून पोत्यांनं भरलेला ट्रॅक्टर येऊन राहिला होता. सानूनं नेहमीसारखा उजवा खांदा टोचला, म्हनजे पुढं वळ. पन भाऊनं समोर पाह्यलंच नाही, टोचलं का वळाचं, एवढंच त्याच्या डोक्यात उरलं होतं, अन् तो ट्रॅक्टरच्या समोरच वळला. मी हॉर्न वाजवला. मी मागंच होतो, बाई, वीस पावलांवर. हॉर्न वाजवून राहिलो.

भाऊले खरचटलं. सानूचा उजवा पाय गुडघ्याखाली चेंदला. तीन ऑपरेशनं झाली, पाय वाचला, पन आखूड झाला. नितीन येऊन तिले पुन्याले घेऊन गेला. मले काही बोलला नाही. बोलला असता तं बरं झालं असतं.

भाऊले मी दवनीवाड्याले माझ्या घरी आनलं. रोज सकाळी तो हेल्मेट घेऊन दारात बसे. म्हने, सानू कुठं हाये? रात्रीतून सगळं पुसून जाये त्याचं. मी सांगो, पुन्याले हाये. तो विचारे, काऊन गेली? मग मले सगळं सांगा लागे, ट्रॅक्टर, पाय, सगळं. तो रडे. मग विचारे, तुले दिसत होतं का माझं चुकते? मी म्हनो, हो भाऊ, दिसत होतं. मग बोलला काऊन नाही? रोज, बाई. तीन वर्षं रोज. बायको म्हने, खोटं सांगा काहीतरी, म्हना शाळेत गेली. पन एकदा खोटं बोललो होतो ना मी. त्याले रोज नवीन दुःख, मले रोज तेच.

मग तो गेला. त्याले दोन वर्षं होऊन राहिले.

यंदा त्याच्या पुण्यतिथीच्या पुण्यानुमोदनाले सानू आली. नववीत हाये आता, लंगडते. बुद्धवंदना झाली, लोकं जेवले, अन् ती मागं गोठ्यात गेली, तिथं ताडपत्रीखाली स्कूटर ठेवली हाये. मी मागं गेलो. सीटवर हात ठेवून ती म्हने, लहाने आबा, मी टोचलं ना उजवीकडे. मी टोचलं नसतं तं आबा सरळ गेला असता. म्हने, आजवर कोनाले सांगितलं नाही.

पाच वर्षं त्या पोट्टीनं हे पोटात ठेवलं. आमच्याच घरचं गप्प राहनं तिच्यात उतरलं. अन् मी काय केलं? खाली पाह्यलं. त्या लेकराच्या तोंडाकडेही पाहून बोलू शकलो नाही, म्हटलं, चल बाई, चहा झाला. संध्याकाळच्या गाडीनं ती गेली.

मले आता छातीत धडधडते, जास्त दिवस नाही राहाचो. सुटका मागत नाही, ती मले भेटनार नाही, तशी आशाही नाही. पन तू कालेजात शिकतेस, तुले लिहाले येते. हे लिहून तिच्या पत्त्यावर पाठव. लिही का भाऊनं मले विचारलं होतं अन् मी नाही म्हटलं. लिही, सानू, तू बरोबर टोचलं होतं, शाळेचा रस्ता उजवीकडेच होता. बेटा, तू हात सोड. आता माझ्याकडे.