सेफ्टी बूट आणि ब्रेक

नव्या रायपूरचे रस्ते झाले अन् आपल्या वसंतानं ती पळणारी गाडी घेतली, आठवते ना? सिलतऱ्याच्या स्टील प्लांटातली ड्यूटी सुटली की सरळ गॅरेजमध्ये. "भैया, ब्रेक दाबला की पायाले काहीच समजत नाही. अजून कडक करा." मेकॅनिक करत गेला. शेवटी एक दिवस वहिनीनं गाडी चालवताना ब्रेकवर जरासा पाय ठेवला, तर गाडी जागीच थांबली अन् त्यांच्या पोट्टीचं कपाळ समोर आपटलं.

दुसऱ्या दिवशी वसंता अन् मी गॅरेजमध्ये होतो, तर वहिनी स्वतः तिथं आली. "अहो, आधी पायातले बूट काढा, मग दाबा."

प्लांटचे सेफ्टी बूट ते, जाड तळाचे, पुढून लोखंडी. वसंतानं काढले. पेडल दाबलं, मग पुन्हा हळूच दाबलं.

"सगळं समजून राहिलं भैया. पहिलेसारखं करून द्या."

मी हसलो. वहिनी नाही हसली. "घरी बूट तर रोज दारातच काढता तुम्ही. प्लांटमधला ओरडून बोलायचा आवाज तेवढा आत घेऊन येता."

वसंता "हव" म्हणाला. इतक्या हळू, की मले ओठांवरून समजलं.